मागे उभे राहून ध्रुपद धरावे



चित्त खिन्न झाले की माणूस म्हणतो, ‘आज राहू द्या, मनाला उभारी आली की नेम पुन्हा धरू.’ मग दिवसामागून दिवस जातो. उभारीही येत नाही आणि नेमही घडत नाही. उभारी आधी की नेम आधी, याचा निवाडा तुकोबारायांच्या चरित्रात सापडतो.

१६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरी याने पादशाहनाम्यात त्याचे वर्णन केले आहे. देहूचे महाजन असलेले तुकोबांचे घर त्यात बुडाले. आईवडील आधीच गेले होते. दुष्काळात पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ लहानगा संतू गेला, असे परंपरा सांगते. दुकान बसले, पत गेली, चारचौघांत तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली. संतांच्या आग्रहावरून महाराजांनी एका आत्मपर अभंगात ही कहाणी सांगितली आहे.

त्या अभंगातला घटनांचा क्रम ध्यानात घ्यावा. दुःखानंतर लगेच साक्षात्कार येत नाही. पहिल्याने येते ते मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ. ते नीट करावे असे मनात आले, आणि त्यांनी ते केले. दगडमातीचे काम रडक्या मनानेही होते. मग एकादशीचे कीर्तन. आरंभी अभ्यासाकडे चित्त नव्हते, हे महाराज लपवत नाहीत. म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. पुढे कोणी गात असेल तर मागे राहून ध्रुपद धरले. अंग झिजवून दुसऱ्याच्या उपयोगी पडले. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती या सगळ्यानंतर येते. ज्या गाथेवर आज वारकरी जगतो, तिच्या आधी हे देऊळ, हे पाठांतर आणि हे ध्रुपद आहे.

महिपतीबुवांनी शके १६९६ मध्ये भक्तलीलामृत पूर्ण केले. कर्जखतांपैकी धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना देऊन महाराजांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडल्याची कथा तेच सांगतात. भावाचा संसार आपल्या वैराग्यापायी उघडा पडू नये, एवढे भान त्या शोकातही होते.

ध्रुपद धरणे म्हणजे काय, हे टाळकऱ्याला विचारावे. त्याला नवे काही सुचावे लागत नाही, निरूपण करावे लागत नाही, सभेला रिझवावे लागत नाही. बुवांनी चरण म्हटला की ध्रुपद उचलायचे आणि ठेका सोडायचा नाही. हयातभर कीर्तन केल्यावर मी सांगतो, ज्या रात्री माझा गळा उठत नसे आणि मनही उठत नसे, त्या रात्री मागच्या टाळकऱ्यांनी कीर्तन वर उचलले. पुढचा आणि मागचा, दोघेही एकमेकांच्या आधाराने उभे असतात.

म्हणून वाईट दिवशी आपल्याकडून पुढच्या माणसाचे काम मागू नये. स्नान करावे, तुळशीला पाणी घालावे, मोडलेली एखादी वस्तू नीट करावी. संपूर्ण हरिपाठ होत नसेल तर घरात कोणी म्हणत असेल त्याच्या मागे नुसते ध्रुपद धरावे. एकटे असाल तर एकच अभंग म्हणावा, मन लागले की नाही हे तपासत बसू नये. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते, अशी गत असेल तर घरच्यांना सांगून डॉक्टरकडे जावे. त्याने भक्तीला उणेपणा येत नाही.

आपल्या शेजारी असा कोणी गप्प बसलेला दिसला, तर त्याला उपदेश करू नये. त्याच्या हाती टाळ द्यावा आणि आपल्या मागे उभे करावे.