सीपीयूफ्रीक

लिनक्स कर्नलमधील, प्रोसेसरची वारंवारता कामाच्या भारानुसार कमी-जास्त करणारी यंत्रणा. प्रोसेसरशी व्यवहार करणारा ड्रायव्हर आणि किती वेग मागायचा ते ठरवणारा गव्हर्नर असे तिचे दोन मुख्य भाग. ‘ऑनडिमांड’ गव्हर्नर कर्नलच्या २.६.९ (२००४) आवृत्तीत आला, ४.७ (२०१६) पासूनचा ‘स्केड्युटिल’ भाराची माहिती थेट शेड्यूलरकडून घेतो. इंटेलसाठी ‘इंटेल_पीस्टेट’ (३.९, २०१३) आणि एएमडीसाठी ‘एएमडी-पीस्टेट’ (५.१७, २०२२) हे वेगळे ड्रायव्हर आहेत.

प्रोसेसरला ठरलेल्या वेगाच्या पलीकडे नेणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, मात्र डेस्कटॉपवर सहसा बायोसमध्ये होते. इंटेलमध्ये त्यासाठी वारंवारतेचा गुणक खुला असलेला, बहुधा ‘के’ अक्षराचा प्रोसेसर लागतो. सीपीयूफ्रीक मिळालेल्या मर्यादेच्या आतच वेग मागते. म्हणून वेग मिळत नसेल, तर मर्यादा नेमकी कोणी घातली हे आधी शोधावे.

सर्वाधिक गोंधळ ‘पॉवरसेव्ह’ या नावाने होतो. जुन्या ‘एसीपीआय-सीपीयूफ्रीक’ ड्रायव्हरसोबत हा गव्हर्नर प्रोसेसरला किमान वेगावर बांधून ठेवतो. इंटेल_पीस्टेटच्या सक्रिय अवस्थेत मात्र त्याच नावाखाली वेग भारानुसार वाढतो. तेव्हा गव्हर्नर बदलण्याआधी ड्रायव्हर कोणता चालू आहे ते पाहिलेच पाहिजे. बदललेला गव्हर्नर आपोआप पूर्ववत होत असेल, तर टीएलपी किंवा पॉवर-प्रोफाइल्स-डेमन यांसारखी सेवा तपासावी. या दोन्ही एकत्र चालवू नयेत. ही सेटिंग्ज ज्या फाइलींतून वाचता-बदलता येतात, त्या सिसएफएसमधील वेगाचे आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात : ३.५ गिगाहर्ट्झ म्हणजे ३५०००००.

मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला वेग एकच असेल असे नाही. प्रत्यक्ष वेग प्रोसेसरमधील गणकांवरून ‘टर्बोस्टॅट’ दाखवते; निदानात याच मोजमापावर भर द्यावा. पूर्ण भाराखाली वेग घसरत असेल, तर तापमान, वीजमर्यादा आणि तापमानामुळे वेग किती वेळा रोखला गेला ते मोजणारा ‘कोअर_थ्रॉटल_काउंट’ पाहावा. लॅपटॉप थंड असूनही अगदी कमी वेगावर अडकला असेल, तर प्रोसेसर तापल्याचे सांगून वेग खाली आणणाऱ्या ‘प्रोचॉट’ संकेताचा संशय घ्यावा. सदोष किंवा न ओळखलेल्या चार्जरमुळेही मदरबोर्ड हा संकेत देऊ शकतो आणि मग गव्हर्नर बदलून काहीच साधत नाही.

ओव्हरक्लॉकिंगनंतर कर्नल लॉगमध्ये ‘मशीन चेक’ त्रुटी दिसू लागल्या किंवा मोठे कंपाइलेशन दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळू लागले, तर बायोस मूळ सेटिंगवर आणून तेच काम पुन्हा चालवावे. त्याआधी कर्नलमधील दोष म्हणून तक्रार नोंदवणे विकसकांवर अन्याय आहे. इंटेलच्या अनेक यंत्रांवर व्होल्टेज कमी करण्याची सोय ‘प्लंडरव्होल्ट’ हा सुरक्षादोष २०१९ मध्ये उघड झाल्यानंतर बायोस अद्ययावतीकरणांतून बंद झाली. तिथे लिनक्समधून दिलेली व्होल्टेजची आज्ञा लागू होत नाही.