रानपिंगळ्याने शिकवलेला धडा

पिंगळा हे नाव आपल्याला नवे नाही. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जुन्या मंडळींनी पाहिला आहे आणि तिन्हीसांजेला आंब्याच्या ढोलीतून चिरकणारा पिंगळा पक्षी तर गावोगाव आहे. मी आज सांगणार आहे ती त्याच्या रानातल्या चुलतभावाची, रानपिंगळ्याची गोष्ट. हौशी पक्षिनिरीक्षकाने रानात कसे वागावे, हे मला कुठल्याही नियमावलीपेक्षा या छोट्याशा पक्ष्याच्या इतिहासाने अधिक शिकवले.

१८७२ साली ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पक्षी आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला. दुसऱ्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. नंतर आपल्या खानदेशात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने मिळवले. मिळवले म्हणजे बंदुकीने टिपले. पक्षी हातात घेतल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, असा तो काळ होता. ह्यूम यांनी ब्रिटिश संग्रहालयाला दिलेल्या संग्रहात कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने होते. या अभ्यासावरच आपले पक्षिशास्त्र उभे राहिले, हे खरे. पण त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली, हेही तितकेच खरे.

१८८४ नंतर रानपिंगळा दिसेनासा झाला. मग रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण एक रानपिंगळा मिळवला, असा दावा केला. पुढे शोध घेणारे या चिठ्ठीवर विसंबून नको त्या ठिकाणी भटकले. अखेर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि बिंग फुटले. तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी होता! संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. खोटा धागा गळून पडल्यावर रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या लख्ख उन्हात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! एकही गोळी न झाडता, छायाचित्रे आणि चित्रफितीच्या आधारे त्यांनी ते सिद्ध केले.

नंतर तो मेळघाटात, यावलला आणि २०१४ साली मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलातही आढळला. बंदूक गेली, दुर्बीण आली, कॅमेरा आला. आता आपल्या हातून पक्ष्याला काही इजा होत नाही, असे आम्ही समजून चाललो. इथे मला माझीच एक चूक सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी माघातल्या एका सकाळी आम्ही चौघे सातपुड्यात गेलो होतो. तासभर झाला तरी पक्षी दिसेना. तेव्हा मी मोबाइलवर रानपिंगळ्याचा मुद्रित आवाज लावला. मिनिटभरात नर समोरच्या फांदीवर येऊन बसला. आम्ही हरखून फोटो काढत राहिलो आणि मी आवाज पुन्हा पुन्हा लावत राहिलो. सोबत वाट दाखवायला आलेले पाड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “भाऊ, तो तुम्हाला भेटायला नाही आला, भांडायला आलाय.”

मी चपापलो. ते दिवस रानपिंगळ्याच्या विणीचे. मादी ढोलीत अंडी उबवत असते, तेव्हा तिला सरडे, उंदीर आणून भरवायचे काम नराचे. आमच्या यंत्रातून घुसखोराची हाक ऐकून तो शिकार सोडून हद्द राखायला आला होता. आमच्या एका फोटोपायी ढोलीतली मादी किती वेळ उपाशी राहिली असेल, कोण जाणे! त्या दिवसापासून मी रानात आवाज लावणे सोडले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करण्याचा समावेश ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच केलेला आहे. म्हणजे बंदूक न घेताही माणूस शिकारी ठरू शकतो. म्हणून काही गोष्टी मी पाळतो. घरट्याजवळ थांबत नाही. चांगला फोटो यावा म्हणून आडवी फांदी मोडत नाही. पक्षी अस्वस्थ होऊन मान वरखाली करू लागला, की दोन पावले मागे सरकतो. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा चारचौघांत सांगत नाही. अभ्यासकांना आणि वनखात्याला मात्र जरूर कळवतो. आणि जे खात्रीने पाहिले नाही, ते वहीत लिहीत नाही. एका खोट्या चिठ्ठीने किती माणसांना रानोमाळ भटकवले, हे आपण पाहिलेच.

रानपिंगळा आजही संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. त्याचे रान तुटते आहे आणि ते थांबवणे तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण सकाळी दुर्बीण घेऊन त्याच्या दारात उभे राहिल्यावर किती वेळ थांबायचे आणि केव्हा मागे फिरायचे, हे नक्कीच आपल्या हातात आहे. कधी तो न दिसताच परतावे लागते. लागू दे. तो तिथे सुखात आहे, एवढे पुरे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)