पेशीच्या कोणत्या टोकाला?

पेण आणि रोहे ज्या रायगड जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यात खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात काचपात्रात पेशी वाढवण्याचे काम चालते. या विद्येची इथली मुळे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये सापडतात. जॉन्स हॉपकिन्समधून शिकून आलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे १९६०च्या दशकात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. विज्ञानाचा इतिहास मात्र आपण बहुधा शोधांवरून लिहितो, पात्र आणि पोषणद्रव यांची फारशी दखल घेत नाही. हे मला अन्यायाचे वाटते, कारण वृद्धिघटकांच्या बाबतीत पात्रानेच प्रश्न बदलला. रीता लेवी-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६मध्ये नोबेल मिळाले, ते वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल. पण त्यांपैकी चेतापेशी वाढवणारा नर्व्ह ग्रोथ फॅक्टर साध्या पात्रात घातला की सगळी पेशी त्यात बुडते. मग तो पेशीच्या कोणत्या भागावर काम करतो, हे विचारायची सोयच उरत नाही.

ती सोय १९७७मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी करून दिली. कोलॅजेनच्या थरावर समांतर चरे ओढायचे, वर टेफ्लॉनची चौकट सिलिकॉन ग्रीसने चिकटवायची आणि उंदराच्या पिल्लाच्या चेतापेशी मधल्या खणात सोडायच्या. पेशींचे तंतू चऱ्यांच्या वाटेने भिंतीखालून बाजूच्या खणांत जातात, द्रव मात्र आपापल्या खणात राहतो. पेणच्या खारपट्ट्यात किंवा कुंडलिकेच्या खाडीकाठी बांध खारे पाणी शेतापासून जसे अलग ठेवतो, तसेच हे. एका बाजूच्या खणातून नर्व्ह ग्रोथ फॅक्टर काढून घेतला, तर मधल्या खणात तो असूनही त्या खणातले तंतू खुंटले. उलट तंतूंना तो मिळत असेल, तर मधल्या खणात तो नसतानाही पेशी जगल्या.

द्रव भिंतीखालून झिरपला असेल, अशी शंका रास्त आहे. पण पुरेसा झिरपला असता, तर घटक काढलेल्या खणातले तंतू खुंटले नसते. टोकावरचा घटक दूरच्या पेशीदेहाला जगवतो, मग परिणाम स्थानिक कसा, असेही कुणी म्हणेल. वाढ जागच्या जागी ठरते आणि जगण्याचा संदेश तंतूतून मागे जातो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या भिंतीमुळेच कळले. २००५मध्ये सूक्ष्म खाचांच्या सिलिकॉन पट्ट्यांनी हेच तत्त्व आणखी बारीक केले. राहिला ही मांडणीच कृत्रिम असल्याचा आक्षेप. शरीरातही हा घटक मुख्यतः तंतू जिथे पोचतात त्या अवयवांत तयार होतो. त्यामुळे सगळ्या पेशीला एकाच द्रवात बुडवणे हेच अधिक कृत्रिम.