प्रतिध्वनीने पाहिलेला उंदीर

आमच्या मालवणच्या किनारपट्टीवर ट्रॉलरवरच्या 'फिशफाइंडर'चे आता कुणाला नवल वाटत नाही. होडीखालून निघालेला, आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज समुद्राच्या तळावर किंवा माशांच्या थव्यावर आपटून परततो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आला, की समजावे, तळ १५ मीटरवर आहे. हाच हिशोब करणारे एक यंत्र आज प्रयोगशाळेत उंदराचे हृदय पाहते. समुद्रातून उंदरापर्यंतचा हा प्रवास ऐकण्यासारखा आहे.

स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी १९१७ मध्ये असाच स्फटिक वापरून पाण्यात ध्वनी सोडला. त्या प्रखर झोतात सापडलेले छोटे मासे मेले. पुढे १९२७ मध्ये अमेरिकेत वुड आणि लूमिस यांनाही मासे व बेडकांबाबत हेच आढळले. या ध्वनीची आणि मुक्या जिवांची पहिली ओळख अशी मरणातून झाली.

ध्वनीची ताकद कमी केली, तो क्षणाक्षणाच्या तुकड्यांत सोडला, तेव्हा तो निरुपद्रवी झाला. धातूतले दोष शोधणाऱ्या यंत्रावरून सुचलेली तपासणी ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये जगापुढे मांडली. तीच आपली सोनोग्राफी.

पण उंदराचे हृदय वाटाण्याहून लहान आणि मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देणारे! माणसाच्या पोटासाठी सेकंदाला पन्नास लाखांच्या आसपास कंपने पुरतात. उंदरासाठी तीन ते पाच कोटी लागतात. कंपने वाढली की चित्र बारीक उमटते, मात्र ध्वनी फार खोल जात नाही. उंदराला तेवढी खोली पुरते. टर्नबुल, फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंदराच्या जिवंत गर्भातील मेंदूची वाढ अशी पाहिली.

याचे मोल काय? पूर्वी गाठ सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी किती वाढली हे पाहायला दर वेळी वेगळे उंदीर मारावे लागत. आता त्याच उंदराला भूल देतात, केस काढून जेल लावतात, पाहतात आणि पिंजऱ्यात परत ठेवतात. शक्य तेथे पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, असे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच सांगितले होते. आपल्याकडेही १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्रयोगांविषयीचे नियम आहेत.

तरीही प्रयोगाच्या शेवटी बहुतेक उंदरांच्या वाट्याला मरणच येते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या औषधांची किंमत मोजणाऱ्यांत तेही आहेत. निदान ती यादी आखूड होत आहे, याचे मला समाधान वाटते.