‘वोक्झाल’: शब्दाची गोष्ट तारखांवर घासून बघा

रशियन भाषेत मोठ्या रेल्वे स्टेशनला ‘वोक्झाल’ म्हणतात. हा शब्द लंडनच्या व्हॉक्सहॉलवरून आला, यावर कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो कसा आला याचा.

नेहमी सांगतात ती गोष्ट अशी: झार निकोलाय पहिला लंडनला गेला, व्हॉक्सहॉल स्टेशनची पाटी वाचली आणि स्टेशनला इंग्रजीत हेच म्हणतात असं समजला. गोष्ट मजेशीर आहे, म्हणून टिकली. पण तुम्ही ती प्रबंधात घेण्याआधी तारखा शेजारी-शेजारी मांडा. झार लंडनला गेला १८४४ मध्ये. ते स्टेशन सुरू झालं १८४८ मध्ये. मग पाटी वाचली कुठली?

काही जण झारच्या जागी त्याचे अधिकारी घालतात. त्यानेही भागत नाही. पुश्किनच्या १८१३ च्या एका कवितेत हा शब्द आहे, आणि रशियातली पहिली सार्वजनिक रेल्वे धावली १८३७ मध्ये! म्हणजे शब्द रेल्वेच्या आधीचा आहे.

आता पुढचा प्रश्न विचारा: तेव्हा त्याचा अर्थ काय होता? व्हॉक्सहॉल ही लंडनमधली प्रसिद्ध करमणुकीची बाग. संगीत, दिवे, खाणंपिणं असं सगळं तिथे असे. अठराव्या शतकात युरोपभर तिच्या नकला निघाल्या, पॅरिसमध्येही आणि मॉस्कोमध्येही. विशेषनामाचं सामान्यनाम झालं: ‘वोक्साल’ म्हणजे करमणुकीची जागा. त्यातल्या ‘स’चा पुढे ‘झ’ झाला, तो ‘झाल’ म्हणजे दालन या रशियन शब्दाच्या प्रभावाने, असं मानलं जातं.

मग रेल्वेशी सांधा जुळला कुठे? पाव्हलोव्स्कला. पीटर्सबर्गहून निघालेली ती पहिली लाईन १८३८ मध्ये तिथवर पोचली. लोकांनी गाडीने यावं म्हणून शेवटच्या थांब्यावर मैफलींसाठी इमारत बांधली, तिचं नाव ‘वोक्साल’. १८५६ पासून तिथे योहान श्ट्राउस (धाकटा) वाद्यवृंद घेऊन येऊ लागला. गाडीतून उतरायचं आणि मैफलीला बसायचं, दोन्ही एकाच ठिकाणी. हळूहळू मैफलीचा अर्थ मागे पडला, स्टेशनचा उरला.

तेव्हा कुठल्याही उसन्या शब्दाला तीन प्रश्न विचारा: पहिली लेखी नोंद कधीची? त्या नोंदीत अर्थ काय? आणि अर्थ बदलला तो नेमका कुठल्या जागी? पहिल्याच प्रश्नाला पाटीची गोष्ट कोसळते. पण खरा इतिहास हाती लागतो तो पुढच्या दोन प्रश्नांनी. नुसतं ‘ही दंतकथा आहे’ म्हणून थांबलात, तर निम्मंच काम झालं.