काकांची ठासणीची बंदूक

मागच्या महिन्यात गावाहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. पाऊसपाणी, काजूचा भाव वगैरे बोलून झाल्यावर म्हणाला, "दादा, बाबांची बंदूक अजून पोलीस ठाण्यातच जमा आहे. ती ठासणीची परत आणण्यापेक्षा परवाना माझ्या नावावर करून एखादी लहान बोअरची घेऊ का? वीस, नाहीतर फोर-टेन? माडावर माकडं, काजूत वटवाघळं, भातात डुकरं... बारा बोअर नको वाटते, कुणाला लागलंबिगलं तर! लहान बोअरचा तसा धोका नाही ना?"

मी म्हटलं, बघून सांगतो. जन्म कारकुनीत गेला, त्यामुळे बंदुकीतलं फार कळत नाही. पण जुने कायदे आणि जुनी कागदपत्रं वाचायची खोड आहे. एकदा वाचायला बसलो की कुठल्या कुठे जातो. या वेळीही तसंच झालं.

आधी हे बोअर प्रकरण. बारा बोअर म्हणजे बारा इंच किंवा बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, की त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा बोअर. म्हणजे नळीचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटर. पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, तोंड साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. आकडा वाढला की नळी लहान, असा हा उलटा हिशेब! फोर-टेन मात्र या हिशेबात बसत नाही. तिच्या नावातच नळीचं माप आहे, ०.४१० इंच, म्हणजे दहा मिलिमीटरच्या किंचित वर. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात तीसेक ग्रॅम छर्रे असतात, फोर-टेनच्या आखूड काडतुसात चौदाच्या आसपास.

ही लहान नळी इंग्लंडात वाढली ती बागांमध्ये. फळं खाणारे पक्षी, गोदामातले उंदीर, कोंबड्यांच्या खुराड्याभोवतीची घूस, असल्या कामांना माळी लोक ती वापरत. आणखी लहान, नऊ मिलिमीटरच्या बंदुकीला तर तिथे 'बागेची बंदूक' असंच नाव होतं. वजन कमी, आवाज कमी, धक्का कमी. पंचवीस पावलांवरच्या कावळ्याला पुरते, पुढे तिचा भरवसा नाही. वाडीतल्या पोराच्या हातात पहिली बंदूक द्यायची ती हीच. थोडक्यात, जनावर केवढं आणि किती अंतरावर, यावरून तिथला शेतकरी नळी निवडत असे.

आपल्याकडे नळी कशावरून ठरली? गंमत इथे सुरू होते. गंमत म्हणायचं, पण हसू येत नाही.

१८५७ नंतर सरकारला बंदुकीची धास्ती बसली होती. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली शस्त्रकायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, हा नियम हिंदी माणसाला. युरोपियनांना सूट! पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, तेव्हा सरकारची धास्ती कमी होण्याचं काही कारण नव्हतं. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यात या कायद्यावर चर्चा झाली आणि तरुण बिपिनचंद्र पाल त्याविरुद्ध बोलले. १९३० साली गांधीजींनी आयर्विनपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतही स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्या, ही एक होती. अहिंसावाद्यानं ही मागणी करावी याचं शाळेत असताना मला फार आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही. प्रश्न हत्याराचा कमी आणि विश्वासाचा जास्त होता.

त्या काळातली एक फोर-टेन आपल्याकडेही होती. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ३०३ रायफलीच्या धर्तीवर गुळगुळीत नळीच्या फोर-टेन बंदुका तयार होत. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. त्या पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना दिल्या जात. इजिप्तच्या पोलिसांसाठी ग्रीनर कंपनीनं जी बंदूक केली, तिला तर खास घडणीचंच काडतूस लागे. बंदूक चोरीला गेली तरी बाजारातलं काडतूस तिच्यात चालू नये, म्हणून! इंग्लंडात लहान नळी निवडताना समोर कावळा होता. इथे ती निवडताना समोर माणूस होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, १९६२ पासून लागू झाला. गोरा-काळा भेद गेला होताच. पण कलम १३ वाचताना मी थबकलो. स्वसंरक्षण किंवा शिकार यांसाठी गुळगुळीत नळीची बंदूक चालेल, नळी वीस इंचांहून आखूड नको. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी? तोंडाकडून भरायची बंदूक! म्हणजे आपली ठासणीची. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. शेतकऱ्यानं कुठली नळी घ्यावी हे असं दिल्लीत ठरलं. (कोडगूत मात्र कोडव लोकांना ब्रिटिशांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. २०१९ साली ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. एकाच सह्याद्रीची दोन टोकं!)

काकांना परवाना मिळाला १९६७ साली. बंदूक भरणं हा एक सोहळाच असे. आधी दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधी, मग गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी केप बसवायची. हे सगळं होईतो डुकरांचा कळप शेजारच्या वाडीत पोचलेला असे. दमट हवेत बार उडेल याची खात्री नाही. काका म्हणत, "ही बंदूक डुकराला मारायला नाही रे, डुकराला सांगायला आहे, की आम्ही जागे आहोत." खरं तर तेवढंच तिचं काम होतं.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. हळूहळू बंदूक राहिली पण निशाणच गेलं. रानडुक्कर संरक्षित, वानर संरक्षित. वटवाघूळ, कावळा, उंदीर एवढे उपद्रवी म्हणून वेगळ्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीही गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची रीतसर परवानगी हवी. परवाना बंदूक बाळगण्याचा, जनावर मारण्याचा नव्हे. दोन खाती, दोन कायदे, आणि मध्ये शेतकरी. निवडणूक आली की तीच बंदूक ठाण्यात नेऊन जमा करायची, हे आणखी वेगळंच.

इथवर वाचून भावाला उत्तर देता आलं असतं. वटवाघळं आणि माकडं कायद्यानं बाद. डुकराला फोर-टेनचे छर्रे म्हणजे नुसती जखम, आणि जखमी डुकराइतकं वाईट जनावर नाही. तेव्हा लहान बोअर घेऊन काही साधत नाही. असो.

पण त्याचं एक वाक्य डोक्यातून जाईना. लहान बोअरचा तसा धोका नाही ना?

धोका असतो. बारा बोअर असो की फोर-टेन, छर्रा नळीतून जवळपास त्याच वेगानं सुटतो. एकाच आकाराचा छर्रा दोन्हींतून तेवढाच लांब जातो. लहान नळीतून छर्रे कमी सुटतात, एवढाच फरक. ज्याला लागतो त्याला तो सारखाच लागतो. हे पुस्तकात वाचायच्या आधीपासून मला माहीत आहे.

१९७८ साल, भात कापणीला आलेलं. मी अकरा वर्षांचा, सुट्टीत काकांबरोबर मांगरात राखणीला गेलो होतो. बॅटरी माझ्या हातात. मध्यरात्रीनंतर बांधापलीकडे खसफसलं. काका म्हणाले, "थांब, उजेड पाडू नकोस." मला धीर निघाला नाही. मी हळूच म्हणालो, "काका, डुक्कर!" मी काही पाहिलं नव्हतं. नुसता आवाज ऐकला होता. आणि बार झाला.

ओरडला तो माणूस होता. पलीकडच्या वाडीतला, स्वतःच्या शेताची राखण करायला निघालेला. पायात छर्रे गेले होते. काकांनी त्याला पाठीवर घेतलं, मी बॅटरी धरून पुढे. तालुक्याच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत उजाडलं. त्या माणसानं तक्रार केली नाही. काकांशी त्याचं बोलणंही तुटलं नाही, पण पाय जन्मभर ओढत चालला. दरवर्षी कापणी झाली की काका एक पोतं भात त्याच्या घरी नेऊन देत. कशाबद्दल, ते घरात कुणी विचारलं नाही.

त्यानंतर काकांनी ती बंदूक कधी भरली नाही. पण दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करायला मात्र न चुकता जात. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. विकली असती तर विसरता आली असती, म्हणून कदाचित. मला ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत. "डुक्कर" हा शब्द माझा होता, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकट्यालाच.

भावाचा जन्म त्यानंतरचा. त्याला ते भाताचं पोतं माहीत आहे, पोत्यामागची रात्र माहीत नाही.

काल रात्री त्याला फोन लावला. बोअरबद्दल सांगितलं, कलम १३ सांगितलं, कुंपणाला किती खर्च येईल तेही बोललो. तो म्हणाला, "बरं दादा, म्हणजे नकोच म्हणतोस?" मी म्हटलं, "ते तू ठरव. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, वेळ आहे ना?"

आणि मग सेहेचाळीस वर्षांहून जुनी ती गोष्ट पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो एवढंच म्हणाला, "यंदाचं पोतं मी अजून पोचवलं नाही. उद्या जातो."