टकटक कुठून येते? कानाने ऐकण्याचा इतिहास आणि एक जुनी बुलेट

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहही नाही. आज आवाजाचा इतिहास सांगणार आहे. तो सुरू होतो आमच्या भिलाईतल्या एका बुलेटपासून.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक मराठी कुटुंब राहतं. वडील पोलाद कारखान्यात रेल मिलमध्ये होते. गेल्या वर्षी ते वारले. मागे राहिली त्यांची जुनी 350 सीसीची बुलेट, उजव्या पायाशी गिअर असलेली. एका रविवारी मुलगा गाडी ढकलत आमच्या अंगणात घेऊन आला. म्हणाला, "काका, चालवताना खालून टक टक येतं. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उघडायला लागेल. खर्च ऐकून आई म्हणते, विकून टाक. बाबा असते तर नुसतं ऐकून सांगितलं असतं."

मी कॉलनीत एक चक्कर मारून आलो. मला काहीच ऐकू आलं नाही. तसं सांगितलं तर मुलगा गप्प झाला. नातीला मागे बसवून दुसरी चक्कर मारली, तेव्हा ती कानाशी ओरडली, "आजोबा, येतोय ना आवाज! हा बघा, टक... टक... तुम्हाला नाही येत?"

नाही येत. मी तोफखान्यातला माणूस. आमच्या तरुणपणी कानात कापसाचा बोळा घातला की काळजी घेतली असं समजत. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा सगळा एकदम जात नाही. आधी साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचा भाग जातो. श्रवणचाचणीच्या आलेखावर तिथे खड्डा दिसतो. धडधड, घरघर ऐकू येते; टिकटिक आणि बारीक किणकिण हरवते. यंत्राची कुरबुर नेमकी त्याच पट्ट्यात सुरू होते. म्हणजे गाडी बिघडलेली आणि वैद्य बहिरा.

मग विचार केला, माणसाने आवाजावरून निदान करायला शिकलं तरी कसं? तिथेच आजचा इतिहास आहे.

आपल्या आज्या बाजारात मडकं घेताना टिचकी मारत. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. आत बारीक तडा असला की आवाज मरतो. हेच ज्ञान ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने 1761 मध्ये छातीवर वापरलं. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखायची घरचीच सवय, असं सांगतात. त्याने रुग्णाची छाती बोटांनी ठोकून आत पाणी आहे का ते सांगायला सुरुवात केली.

1816 मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक याने कागदाची घट्ट गुंडाळी करून तिचं एक टोक रुग्णाच्या छातीवर आणि दुसरं स्वतःच्या कानावर ठेवलं. त्यातूनच पुढे लाकडी नळी आली, स्टेथोस्कोप आला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण माझ्या मते नळी ही त्याची लहान कामगिरी. मोठी कामगिरी अशी की त्याने प्रत्येक आवाजाला नाव दिलं, रुग्ण जिवंत असताना काय ऐकलं ते नोंदवलं, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात आत काय सापडलं ते त्या नोंदीशी ताडून पाहिलं. आधी ऐकणं, मग लिहिणं, मग उघडून पाहणं. 1819 मध्ये त्याचा ग्रंथ आला. तिथून कानाची कला शिकवता येण्याजोगी विद्या झाली.

रेल्वे आली तशी ही विद्या लोखंडावर आली. स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस चाकं ठोकत जायचा. माझ्या वयाच्या लोकांनी तो पाहिलेला असेल. मडक्याचाच न्याय: चांगलं चाक वाजतं, तडकलेलं बद्द बोलतं. पुढे 1928 मध्ये लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह या शास्त्रज्ञाने सुचवलं की माणसाला ऐकूच येणार नाहीत असे अतिसूक्ष्म ध्वनिकंप धातूत सोडून आतला दोष शोधता येईल. आणि गंमत पाहा. 1955 मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि आज इथले रूळ याच श्राव्यातीत ध्वनीने तपासले जातात. शेजारच्या मुलाचे वडील त्याच मिलमधले.

आता गाडीकडे येऊ. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारसायकलींना साखळी नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा असे. पट्टा मऊ आणि मुका, पण पावसात घसरायचा. हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस माणसाने मँचेस्टरमध्ये 1880 सालीच बुश-रोलर साखळी काढली होती. मोटारसायकलीने ती हळूहळू उचलली. साखळी घसरत नाही, पण धक्का गिळतही नाही, आणि तिच्यासोबत आवाज आला. म्हणून रॉयल एनफील्डने मागच्या चाकाच्या हबमध्ये रबराचे तुकडे बसवले, ते आजही असतात.

पन्नाशीच्या दशकात भारतीय लष्कराने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट घेतल्या. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया निघाली. त्यानंतर म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाची जावा बनू लागली आणि पोलंडच्या रचनेवरून राजदूत. रशियन झोतभट्टीच्या या गावात पोलिश, चेक आणि इंग्रजी वंशाच्या गाड्या एकाच गॅरेजात दुरुस्त होत. त्या काळचे मिस्त्री कानाने ओळखत. कोणी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावी. लाएनेकचीच नळी ती. पण बहुतेकांनी ऐकलेलं लिहून ठेवलं नाही. मिस्त्री गेला की विद्याही गेली.

मुलाचे वडील गेले, माझा कान गेला. उरलं काय? मोजणं.

निदानाचा पहिला प्रश्न असा: आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकाच्या? मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असताना क्लच दाबायचा आणि इंजिन मंद होऊ द्यायचं. आवाज इंजिनाबरोबर मंदावला तर दोष इंजिनात, प्रायमरी चेनमध्ये किंवा क्लचच्या आसपास. तो चाकाच्याच तालात चालू राहिला तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत शोधायचं. दुसरी परीक्षा उभ्या गाडीवर: न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबा, सोडा. दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचं बेअरिंग संशयित. उलट दाबल्यावरच सुरू झाली तर क्लच ढकलणारं बेअरिंग.

आमच्या गाडीत क्लच दाबूनही टकटक चालू होती. नात मागे बसून सांगत होती. म्हणजे इंजिन सुटलं. तरी गिअरबॉक्समधले शाफ्ट, पुढची गरारी, साखळी, मागची गरारी, ब्रेक ड्रम, चाकाचं बेअरिंग असे सहा आरोपी उरले.

गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. हे महत्त्वाचं आहे मंडळी: साखळीजवळ हात न्यायचा तर इंजिन बंदच हवं. चालू इंजिनाने फिरणाऱ्या साखळीत बोट गेलं की ते परत येत नाही. टायरवर खडूची खूण केली. दाते आणि कड्या मोजल्या: मागच्या गरारीला 38 दाते, पुढच्या गरारीला 17, साखळीत 94 कड्या.

आता शाळेतलं गणित. चाकाची एक फेरी म्हणजे साखळी 38 कड्या पुढे सरकते. दोष चाकात, ड्रममध्ये किंवा मागच्या गरारीत असेल तर चाकाच्या प्रत्येक फेरीला एक टक. दोष पुढच्या गरारीत किंवा तिच्या शाफ्टमध्ये असेल तर 38 भागिले 17, म्हणजे फेरीला सव्वादोन टक. आणि दोष साखळीच्या एकाच कडीत असेल तर 94 भागिले 38, म्हणजे जवळजवळ अडीच फेऱ्यांना एक. चाकाच्या 25 फेऱ्यांचा हिशोब केला तर चाक बोलेल 25 वेळा, पुढची गरारी 56 वेळा आणि साखळी 10 वेळा.

मुलगा चाक हाताने हळूहळू फिरवत होता, फेऱ्या मी मोजत होतो, नात टक मोजत होती. 25 फेऱ्या झाल्या. मी विचारलं, किती? ती म्हणाली, "दहा."

मग टक होताच पुढच्या गरारीवरच्या कडीला खडू लावला. दहाही वेळा तीच कडी. साखळीला सगळ्यात तीव्र वळण त्या लहान गरारीवर घ्यावं लागतं, म्हणून आखडलेली कडी तिथे अडते आणि टक करून सुटते. वडिलांच्या आजारपणात गाडी एक पावसाळा उघड्यावर उभी होती. गंज कडीच्या पिनेत शिरला होता. मी बोटांनी ती कडी वाकवून पाहिली. कानाला जे कळलं नव्हतं ते बोटांना कळलं.

साखळी किती झिजली तेही मोजलं. या साखळीच्या दोन पिनांमधलं अंतर पाच अष्टमांश इंच, म्हणजे 15.875 मिलिमीटर. 20 कड्यांचं माप नवी असताना 317.5 मिलिमीटर भरतं. ते दोन टक्क्यांनी वाढलं, म्हणजे 324 च्या आसपास गेलं, की साखळी बदलायची. आमची त्याच्याही पुढे गेली होती. झिजलेल्या साखळीने दोन्ही गराऱ्यांचे दातेही खाल्ले होते, म्हणून तिन्ही एकत्र बदलले. नवी साखळी जुन्या दात्यांवर घातली तर नवीही लवकर जाते. गिअरबॉक्सला पान्याने शिवावंही लागलं नाही. गाडी विकायची गोष्ट त्या घरात आता निघत नाही.

गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर दिवसाला वीस गाड्या, मोजायला वेळ कुठला? पण घरी आपल्याजवळ वेळ असतो. म्हणून त्या मुलाला एक वही दिली. पहिल्या पानावर त्याने लिहिलं: आवाज कसा, कोणत्या वेगाला, किती फेऱ्यांना एक, उघडल्यावर काय सापडलं. लाएनेकने दोनशे वर्षांपूर्वी हेच केलं.

शेवटी कानाबद्दल. 1700 मध्ये इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबं ठोकून बहिरे होतात, असं त्यात आहे. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर ते का होतं हे समजायला ग्रंथ लागणार नाही. तीनशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आम्ही कापसाच्या बोळ्यावर भागवली. गेलेला कान परत येत नाही. कारखान्यात, ग्राइंडरवर, फटाक्यांजवळ काम करणाऱ्यांनी कानात प्लग घालावेत आणि चाळिशी ओलांडली की एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. माझी उशिरा झाली.

तुमच्या घरच्या गाडीचा असा काही आवाज असेल तर उघडण्याआधी लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.